दुसऱ्या खुर्चीवरची रद्दी

वर्गात त्याला सगळे फोरमन म्हणायचे. एकसष्ट वर्षांचा माणूस विशी-बाविशीच्या पोरांत येऊन बसला की त्याला काहीतरी नाव पडणारच, आणि पडायच्या नावांत हे बरंच बरं होतं. छत्तीस वर्षं त्याने लेथवर काढली होती आणि त्यातली शेवटची बारा खरोखरच फोरमन म्हणून. त्यामुळे नावात खोटं काही नव्हतं.

तो चित्रपट शिकवणाऱ्या त्या संस्थेत गेला होता चाकं बसवायला. कॅमेरा ज्या ट्रॉलीवर ठेवून ढकलतात ती ट्रॉली रुळांवर खडखडायची. कुणीतरी त्याचं नाव सांगितलं, त्याने घरच्या जुन्या लेथवर आठ चाकं करून आणली. बसवून, पुढे-मागे ढकलून खात्री करत होता तेवढ्यात शेजारी वर्ग सुरू झाला. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "उभे का? बसा ना." तो बसला. घरी जाऊन करायचं तरी काय होतं? बायकोला जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. पुढच्या सत्राला त्याने रीतसर नाव घातलं.

मुलीला हे सांगितलं तेव्हा ती फोनवर म्हणाली, "चांगलं आहे बाबा. वेळ जाईल." मुलगी दोन तासांवरच्या शहरात दातांची डॉक्टर होती. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. जेवताय ना, गोळ्या घेताय ना, गुडघा कसा आहे. चार मिनिटं. कधी साडेचार.

पूर्वी असं नव्हतं. म्हणजे पूर्वी ती आईशी तासभर बोलायची आणि शेवटी आई फोन त्याच्या हातात द्यायची. त्याच्या वाट्याला तेव्हाही चारच मिनिटं यायची, पण ती शेवटची असल्यामुळे कमी वाटायची नाहीत.

त्याच्या मनात रुतून बसली होती ती वेगळीच गोष्ट. बायको गेली त्यानंतरच्या आठवड्यात मुलगी आईचं कपाट आवरत होती. स्वेटरची घडी घालता घालता, मान वर न करता तिने विचारलं होतं, "बाबा, तुम्ही आईला कधी बघितलंत का हो?"

"म्हणजे?"

"म्हणजे बघितलंत का. नीट. इतक्या वर्षांत एकदा तरी."

"काहीतरीच काय बोलतेस? सुखात होती ती."

"कोण म्हणालं?"

"कोण कशाला म्हणायला हवं? भांडण नाही, तंटा नाही, कधी आवाज चढला नाही या घरात."

"हो," मुलगी म्हणाली. "भांडण नव्हतं खरं." आणि तिने पुढचा स्वेटर घेतला.

एवढंच. पण त्या दिवसापासून त्याला धड झोप नव्हती. उत्तर द्यायचं होतं, पण बोलणं हा त्याचा प्रांत नव्हता. तोंडाने सांगायला गेला की वाक्य अर्ध्यात तुटायचं आणि मुलगी "बरं बाबा" म्हणायची. म्हणून जेव्हा बाईंनी वर्गात सांगितलं, की संगीत विभागातल्या मुलांनी गाणी केली आहेत आणि प्रत्येकाने एका गाण्याचा व्हिडिओ करायचा, आणि सत्र संपताना तो सगळ्यांसमोर मोठ्या पडद्यावर दाखवायचा, घरच्यांनाही बोलवायचं, तेव्हा फोरमनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सांगता येत नाही ना? मग दाखवू.

गाणं त्याने स्वतः निवडलं. बाकीच्यांना ते नको होतं, कारण त्यात ढोल नव्हता आणि बदाबदा काही कोसळत नव्हतं. ते म्हणणारी मुलगी इतके ढगळ कपडे घालायची की तिला सगळे तंबू म्हणत. तंबूचा आवाज साधा होता. संध्याकाळी दिवा लावला, खिडकी पुसली, आता कुणीतरी यावं, असं काहीसं गाणं होतं. मध्ये बराच वेळ ती नुसती गुणगुणायची. बायको काम करताना गुणगुणायची तशीच.

"कुणीतरी यावं म्हणजे कोण, ते ठरवलंय का काका?" तंबूने विचारलं होतं.

"त्यात ठरवायचं काय? नवरा. मी रोज सहाला यायचोच."

तंबूने मान हलवली. पोरगी समजूतदार होती.

आता काम कसं करायचं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. कारखान्यात मोडका भाग यायचा, त्याचा नकाशा नसायचा, कागद नसायचा. तो हातात घ्यायचा, जिथे शाबूत आहे तिथे माप काढायचं, आणि हुबेहूब तसाच नवा करायचा. आपली अक्कल मध्ये घालायची नाही. मूळ करणाऱ्याने एक खाच वाकडी ठेवली असेल तर तीही तशीच ठेवायची, कारण ती कशासाठी आहे ते आपल्याला ठाऊक नसतं. या एका नियमावर त्याची छत्तीस वर्षं निभावली होती.

त्याच नियमाने त्याने बायकोची संध्याकाळ लिहून काढली. चार रात्री लागल्या. कामाचा कागद करतात तसा कागद केला, एकाखाली एक, क्रमाने. दार उघडते, पिशवी घेते, पिशवी खिळ्याला. आधण ठेवते. डाव्या हाताने डबा उघडते, झाकण उलटं ठेवते. खिडकीपाशी थांबते, बारा सेकंद. चहा गाळते. नवऱ्याचा कप टेबलावर, कानाची बाजू त्याच्याकडे. स्वतःचा ओट्यावर. अशी एकूण बेचाळीस कामं झाली. लिहिता लिहिता त्याला वाटलं, बघ, कोण म्हणतं मी बघितलं नाही? झाकण उलटं ठेवायची हे कुठल्या नवऱ्याला आठवेल?

चित्रीकरण त्याच्याच स्वयंपाकघरात झालं. कॅमेऱ्यावर वर्गातली एक मुलगी होती. ती क्षणभर गप्प बसायची नाही म्हणून टिकटिक. बायकोच्या कामाला संस्थेच्या ग्रंथालयातल्या ताई आल्या होत्या. बावन्न वर्षांच्या, हौशी नाटकांत कामं केलेल्या, अंगाने साधारण तिच्याएवढ्या. नवरा तो स्वतःच झाला, कारण नवऱ्याला काम असं नव्हतंच. पाठमोरं बसायचं, पेपर वाचायचा. पडद्यावर एक खांदा, एक कोपर आणि पेपरची कड.

"काका, या दुसऱ्या खुर्चीवरची रद्दी हलवू?" टिकटिकने विचारलं. "केवढा ढीग आहे! खुर्ची दिसतच नाहीये."

"हलवू नकोस. ती तिथेच असते."

"आणि काकू कुठे बसायच्या?"

"तिला कुठे बसायला वेळ! सारखी कामात."

टिकटिक म्हणाली, "माझी आई पण अशीच, बूड टेकत नाही," आणि भिंगं पुसायला लागली.

ग्रंथालयातल्या ताईंनी कागद दोनदा वाचला. त्यांचे प्रश्न नेमके होते. "मी माझा चहा कधी पिते?"

"गार झाल्यावर. ओट्याशी उभ्याने."

"आणि हे काम अकरा नंबरचं. खिडकीपाशी बारा सेकंद. काय बघते मी?"

"बघत काही नाही. नुसती थांबायची. चहा गाळायच्या आधी रोज. तेवढ्यात माझी पहिल्या पानावरची मोठी बातमी वाचून व्हायची, म्हणून मला बारा सेकंद माहीत."

ताईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "बरं," म्हणाल्या, आणि पेन्सिलीने कागदावर काहीतरी टिपून ठेवलं.

दोन दिवसांत काम झालं. ताईंनी एक काम चुकवलं नाही. पिशवी खिळ्याला अडकवताना तर त्या इतक्या तशाच दिसल्या की फोरमनच्या हातातला पेपर हलला आणि तो शॉट पुन्हा घ्यावा लागला. शेवटी जोडाजोड करून तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा व्हिडिओ तयार झाला. घरी लॅपटॉपवर तो त्याने तीस-पस्तीस वेळा तरी बघितला. बायको घरात वावरत होती. सुख सुख म्हणतात ते आणखी काय असतं?

संस्थेची एक पद्धत होती. अंतिम खेळाच्या दोन आठवडे आधी व्हिडिओ आतल्या आत दाखवायचा, दोन्ही वर्गांना. मग प्रेक्षकांनी बोलायचं, आणि दिग्दर्शकाने त्यांच्याकडे तोंड करून खुर्चीवर बसायचं आणि एक शब्द बोलायचा नाही. समजावून सांगायचं नाही, मानसुद्धा हलवायची नाही. बाई म्हणायच्या, "उद्या प्रत्येक प्रेक्षकाच्या घरी जाऊन तुम्ही सांगणार आहात का, मला असं म्हणायचं होतं म्हणून? पडद्यावर नाही ते नाही. पडद्यावर आहे ते आहे." वर्गात त्या खुर्चीला दाताची खुर्ची म्हणत. फोरमनला ते नाव ऐकून मुलगी आठवायची आणि बरं वाटायचं.

अठरा तारखेला त्याची पाळी आली. व्हिडिओ संपला आणि कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग एकदम सगळ्यांनी वाजवल्या. फोरमन खुर्चीवर बसला होता, हात गुडघ्यांवर.

"मला बोलताच येत नाहीये," मागच्या रांगेतला एक दाढीवाला म्हणाला. "काय एकटी बाई आहे ती."

"आणि नवऱ्याचा चेहराच नाही दाखवला! काय डोकं आहे काकांचं. तो नवरा म्हणजे नुसता एक पेपर."

"मला तर तो खिडकीचा शॉट. दिवसातले तेवढे बारा-पंधरा सेकंद तिचे स्वतःचे."

"बारा," टिकटिक म्हणाली.

"त्या दुसऱ्या खुर्चीवरची रद्दी बघितली का? म्हणजे तिला बसायला जागाच नाही घरात. आणि ते कुठे ठासून सांगितलेलं नाही, नुसतं ठेवलंय. भन्नाट."

"कपाचा कान! ती त्याच्या कपाचा कान त्याच्याकडे वळवून ठेवते आणि तो न बघता कप उचलतो. मी तिथे रडले. माझे बाबा असेच उचलतात."

"काका, तुम्ही त्या नवऱ्याला जराही सोडलं नाहीत," दाढीवाला म्हणाला. "मानलं."

त्याला उठून म्हणायचं होतं, अरे थांबा, तुम्ही उलटं बघताय. पण बोलायचं नव्हतं. पद्धत म्हणजे पद्धत. तो गुडघे धरून बसून राहिला. टिकटिक त्याच्याकडे बघत होती, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ती गप्प होती. तिने ते स्वयंपाकघर आतून बघितलं होतं.

मग नाव न घालता भरायचे कागद आले. सव्वीस. पहिला प्रश्न होता, या व्हिडिओतल्या बाईचं वर्णन एका शब्दात करा. त्याने ते घरी टेबलावर मांडले, एकाशेजारी एक. एकटी. थकलेली. अदृश्य. एकटी. मोलकरीण? असं एकाने प्रश्नचिन्ह टाकून लिहिलं होतं. चिवट. वाट बघणारी. एकटी. त्याने सगळे सव्वीस बघितले, पाठपोट उलटून बघितले. सुखी कुणीच लिहिलं नव्हतं.

कारखान्यात एका तपासनिसाने काम नापास केलं तर माणूस भांडतो. दोघांनी केलं तर आपली मापं पुन्हा बघतो. सव्वीस जणांनी, आपापल्या कागदावर, एकाच ठिकाणी बोट ठेवलं तर काय करतो? फोरमनला ठाऊक होतं काय करतो. गप्प होतो. आणि मुळात इथे कुणी काम नापास केलंच नव्हतं. काम सगळ्यांनी पास केलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याला बोलावून घेतलं. "यातली एकही फ्रेम बदलू नका. इतक्या वर्षांत विद्यार्थ्याचं असं काम मी बघितलेलं नाही. बाहेर पाठवू आपण हे."

"बाई, मला थोडं बदलायचंय."

"काय?"

"शेवटी ती हसते, असं एक घ्यायचंय."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. हुशार बाई होत्या, त्यांना काय कळायचं ते तेव्हा कळलं असावं. एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमचं काम आहे फोरमन. तुम्ही ठरवा. पण दोन तारखेच्या आत."

तीस तारखेला टिकटिक आणि ग्रंथालयातल्या ताई पुन्हा घरी आल्या. त्याने नवीन कागद केला होता. त्रेचाळिसावं काम. बायको नवऱ्यासमोरच्या खुर्चीवर बसते, त्याच्याकडे बघून हसते. त्यासाठी त्याने सकाळीच खुर्ची मोकळी केली होती. रद्दी निघता निघत नव्हती. तळातल्या पेपरांवरची तारीख अकरा वर्षांपूर्वीची होती. खुर्चीचं बैठकीचं कापड अजून नवं होतं. पाठीपेक्षा दोन छटा गडद.

ताई बसल्या. टिकटिकने कॅमेरा लावला. फोरमन पेपर घेऊन आपल्या जागी बसला, पण या वेळी समोर माणूस होतं, त्यामुळे पेपर कुठे धरावा ते त्याला कळेना.

"हात कुठे ठेवू?" ताईंनी विचारलं.

"अं?"

"तुम्ही मला झाकण कसं ठेवायचं तेसुद्धा सांगितलंत. तशी ती इथे बसली की हात कुठे असायचे? टेबलावर? मांडीवर? हनुवटीखाली?"

"टेबलावर ठेवा."

"दोन्ही?"

त्याने पेपर खाली ठेवला.

"बरं, ते राहू दे. हसायची कशी? म्हणजे ओठ मिटून, की दात दिसायचे? आधी डोळे हसायचे का? काही बोलता बोलता हसायची, की नुसतीच?"

फोरमन आठवायला लागला. उठून आतल्या खोलीत गेला, फोटोंची वही घेऊन आला. फोटोत ती हसत होती. सगळ्या फोटोंत हसत होती, फोटोवाल्याने हसा म्हटल्यावर सगळेच हसतात तशी. ताईंनी वही बघितली आणि हळूच मिटली.

"हे नाही ना?"

"नाही. हे फोटोतलं."

"मग घरातलं सांगा. कधीचंही एक सांगा. मी करते."

टिकटिक कॅमेऱ्यामागे अगदी ढिम्म उभी होती. फोरमनने डोळे मिटून घेतले आणि पहिल्यापासून सुरुवात केली, दार उघडते, पिशवी घेते, पिशवी खिळ्याला. सगळं येत होतं. हात येत होते, पाठ येत होती, मानेवरचे केस येत होते, पायातल्या चपलेचा आवाज येत होता. चेहरा कपाटावर लावलेल्या फोटोसारखा यायचा, आणि हसायचा, हसा म्हटल्यासारखा.

बाहेर मुलीशी फोनवर बोलताना ती हसायची. ते त्याने ऐकलं होतं. भिंतीपलीकडून.

"नमुना नाही," तो शेवटी म्हणाला.

"काय?"

"माप कुठून काढू? नमुनाच नाही माझ्याकडे."

"मग मी माझ्या मनाने हसू का?" ताईंनी विचारलं. त्या चांगल्या मनानेच म्हणाल्या. "चांगलं हसेन मी."

"नको," फोरमन म्हणाला. "मग ते तुमचं होईल."

टिकटिकने कॅमेरा उतरवला. जाताना ती म्हणाली, "काका, मला वाटलं होतं तुम्हाला माहीत आहे. म्हणजे मुद्दामच..." आणि पुढचं गिळून टाकलं. त्या दोघी गेल्यावर त्याने रद्दी उचलून पुन्हा त्या खुर्चीवर ठेवली. का ठेवली ते त्याला सांगता आलं नसतं. मोकळी खुर्ची बघवत नव्हती एवढं खरं.

मुलीला येऊ नको म्हणायचं त्याने ठरवलं होतं. फोन लावलासुद्धा. पण तिनेच आधी सांगितलं, की तिने अर्धी रजा टाकलीय, पावणेपाचच्या बसने येतेय, आणि "बाबा, तुम्ही स्वतः होऊन काही बघायला बोलावलंत असं पहिल्यांदाच झालंय." मग काय बोलणार?

दोन तारखेला सभागृह भरलं होतं. दारात प्रत्येकाला तोच प्रश्नांचा कागद आणि एक पेन्सिल देत होते. मुलगी चौथ्या रांगेत कडेला बसली. फोरमन मागे, भिंतीला टेकून उभा राहिला. पडद्यावर व्हिडिओ त्याला बघायचा नव्हता, म्हणून तो मुलीच्या मानेकडे बघत राहिला. आईची मान होती तिला. पिशवी खिळ्याला लागली तेव्हा ती मान ताठ झाली. खिडकीपाशी ती किंचित खाली गेली, आणि मग शेवटपर्यंत वर आली नाही. दिवे लागल्यावर बराच वेळ ती मांडीवरच्या कागदावर काहीतरी लिहीत होती.

बाहेर व्हरांड्यात पाण्याच्या टाकीशी ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले, नाक लाल. लहानपणी पडून आली की अशी दिसायची. तिने हात पुढे करून त्याच्या शर्टाची बाही धरली.

"बाबा."

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत." ती रडत हसत होती. "झाकण उलटं. ते कसं लक्षात राहिलं तुमच्या? आणि तो चहा. तिला मी किती वेळा म्हटलंय, आई, गरम असताना पी. बाबा, म्हणजे तुम्हाला दिसत होतं. मला वाटायचं तुम्हाला काहीच दिसत नाही. किती वर्षं मी तुमच्यावर... आणि तुम्हाला सगळं दिसत होतं. आणि तुम्ही ते सगळ्यांसमोर कबूल केलंत. मला नसतं जमलं."

बाहीवर तिची मूठ घट्ट होती. आई गेल्यावरसुद्धा तिने त्याला असं धरलं नव्हतं. फोरमनला नुसतं हो म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं. सभागृहातून बाहेर पडणारी माणसं त्याच्याकडे बघून आदराने बाजूला होत होती. सगळं जुळून आलं होतं, खाच खाचेत बसली होती. आणि भाग चुकीचा होता.

"नाही दिसलं," तो म्हणाला.

"काय?"

"मला दिसत नव्हतं, बाळा. मी फक्त होतं तसं मांडलं. मला ते चांगलंच वाटत होतं. इथल्या पोरांनी बघून सांगितलं, तेव्हा कळलं."

"कधी?"

"अठरा तारखेला."

"या अठरा तारखेला? गेल्या महिन्याच्या?"

"हो."

"मग हे तुम्ही केलं होतंत कशासाठी?"

"तू विचारलं होतंस ना कपाटापाशी. म्हणून. ती सुखात होती ते तुला दाखवायला."

मुलगी हसली. एकदाच, नाकातून, आवाज न करता. मग बाहीवरचा हात निघाला. रागाने झटकला असता तर बरं वाटलं असतं. तसा तो नव्हता. चुकून दुसऱ्याची बाही धरली गेली आणि कळल्यावर सोडली, तसा निघाला.

"आठची बस आहे मला," ती म्हणाली. "जेवून घ्या."

"मी येतो सोडायला."

"नको बाबा. गुडघा दुखेल."

ती जिना उतरून गेली. फोरमन टाकीशी उभा राहिला. दाढीवाला येऊन म्हणाला, "काका, ही तुमची मुलगी का? खूप रडत होती. यश म्हणतात ते हेच!" आणि पाठीवर थाप मारून गेला.

दोन दिवसांनी बाईंनी त्याला कागदांचा गठ्ठा दिला. एकशे चौदा होते. घरी आल्यावर त्याने ते चाळले. एकटी, थकलेली, एकटी. आता त्याला काही वाटत नव्हतं. मापं पक्की झाली होती. आणि मग मुलीचं अक्षर आलं. डॉक्टर असून तिचं अक्षर चांगलं होतं, आईने गिरवून घेतलं होतं म्हणून.

बाईचं वर्णन एका शब्दात: आई.

कुठली गोष्ट लक्षात राहिली: ती खिडकीशी थांबली असताना, तिची पाठ कुणीतरी बघत होतं.

दिग्दर्शकाला काय सांगाल: बाबा, उशीर झाला, पण तुम्ही बघितलंत. आईला कुणीतरी बघत होतं हे कळून मला आज झोप लागेल. मी चुकले.

त्याने ते बऱ्याचदा वाचलं. हे पत्र त्याचंच होतं, त्याच्याच नावाने लिहिलेलं, आणि ते त्याचं नव्हतं. दिवे लागल्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जेमतेम दहा मिनिटं झाली असतील, तेवढी दहा मिनिटं ते खरं होतं. परत करायचं म्हटलं तर कुणाला? फाडायचं म्हटलं तर त्यात आई असं लिहिलेलं.

रविवारी सकाळी फोन आला. फोरमनला वाटलं नव्हतं येईल, पण मुलगी शब्दाला पक्की होती.

"जेवताय ना?"

"हो."

"गोळ्या?"

"घेतो."

"गुडघा?"

"ठीक आहे." कागद त्याच्या समोर होता. "तुला झोप लागते का?" त्याने विचारलं.

पलीकडे काही क्षण शांत होतं. त्याने मनातल्या मनात मोजले. बारा झाले, तेरा झाले.

"लागते," मुलगी म्हणाली. "चला, ठेवते बाबा. पेशंट आलाय."

रविवारी तिचा दवाखाना बंद असतो, हे त्याला माहीत होतं. त्याने फोन खाली ठेवला, ओट्याशी गेला आणि गार झालेला चहा उभ्यानेच पिऊन टाकला.